आतून घासलेला हंडा

मला रिकामा उचलायचा तरी दोन माणसं लागतात, आणि भरलेला असलो तर चौघांनी कड्यांतून बांबू घालून न्यावा लागतो. बूड काळं, पोट तांबूस, काठावर हातोडीच्या खुणा. मित्रांनो, मी एक जुना तांब्याचा हंडा आहे. सोनगीरच्या तांबटांकडे घडलो आणि तिथून कोस-दोन कोसांवरच्या एका गावात लग्नाकार्याचा स्वयंपाक पोटात घेत म्हातारा झालो. हा स्वतःचंच कौतुक सांगत बसणार, असं तुम्हाला वाटलं असेल. थोडं सांगणारच आहे. पण जे मी पाहिलं ते तुम्ही पाहिलं असतं, तर तुम्हीही तोंडात बोट घातलं असतं.

माझा जन्म मोडीतून झाला. कोणाची चेपलेली घागर, कोणाचं झिजलेलं ताम्हन, कुठली तरी जुनी तार, असं सगळं एका मुशीत घालून भट्टीवर ठेवलं होतं. भाता सुरू झाला आणि पाहता पाहता घागर विरघळली, ताम्हन विरघळलं, आणि उरला तो नुसता लालबुंद रस. पाण्यासारखा वाहत होता. मला वाटलं, संपलं सगळं. पण रस ओतला, निवला, आणि पुन्हा ते तांबंच. आकार गेले होते, तांबं जराही बदललं नव्हतं. धातू वितळला म्हणून तो दुसरा होत नाही, हे मी माझ्या अंगावर शिकलो, आणि त्याचं नवल मला आजही वाटतं.

पंडित तांबट आणि त्यांचे भाऊ मग मला ठोकू लागले. ठोकलं की मी कडक व्हायचो, तापवलं की मऊ. दगडाला असं ठोकलं असतं तर त्याचा चुरा झाला असता. मी मात्र फुटलो नाही, पसरत गेलो. तापवताना अंगावर काळे पापुद्रे धरायचे आणि हातोडी बसली की झडून पडायचे. ते पापुद्रे म्हणजे तांबं नव्हे. हवेतल्या प्राणवायूशी माझं लग्न लागून झालेला तो तिसराच पदार्थ होता. त्याला कितीही निववलं तरी त्याचं पुन्हा तांबं होत नव्हतं. एकाच भट्टीत एक बदल असा आणि एक तसा, हे पाहून मी चक्रावून गेलो होतो.

पण सगळ्यांत मोठं नवल व्हायचं होतं ते धुळ्याच्या युसूफभाईंच्या हातून. मी गावात आलो तेव्हा मला कल्हई करायला त्यांना बोलावलं. मारुतीच्या पारामागे खड्डा खणून त्यांनी विस्तव केला, मला त्यावर फिरवत तापवलं आणि पोटात नवसागराची चिमूट टाकली. पांढऱ्या धुराचा लोट उठला, नाकात झोंबणारा. त्या धुराने माझ्या अंगावरचा सगळा काळिमा खाऊन टाकला आणि आतलं कोरं तांबं उघडं पडलं. लगेच त्यांनी कथलाची कांडी फिरवली आणि कापसाच्या बोळ्याने झरकन पुसत नेली. माझं पोट चांदीसारखं पांढरं झालं. लोकांना वाटतं, कल्हई म्हणजे रंगाचा हात. तसं नाही. रंग वर बसतो. कथील माझ्यात शिरलं. आमच्या दोघांच्या मधे एक बारीक थर तयार झाला, तो ना धड तांब्याचा ना धड कथलाचा, दोघांचा मिळून झालेला. तो पातळसा थर माझ्यात आणि अन्नात राखण करत उभा राहिला.

मी कोणा एका घराचा नव्हतो. गल्लीने वर्गणी काढून मला घेतलं होतं. ज्याच्या घरी कार्य त्याच्या अंगणात मी जायचो आणि कार्य झालं की गल्लीतल्याच भिकन नानांच्या कोठीत परत यायचो. वरण, आमटी, शिरा, काय काय शिजवलं मी. "हंडानी चवच न्यारी शे," असं जेवणारे म्हणायचे, आणि स्वयंपाक करणाऱ्या बाया नाक मुरडायच्या, कारण कौतुक त्यांचं व्हायला हवं होतं. दरवर्षी लग्नसराईच्या आधी युसूफभाई येऊन कल्हई करून जायचे.

मग गावात स्टीलची भांडी आली, हलकी, चकचकीत, कल्हई न मागणारी. भाड्याने मिळणारे मोठाले डबे आले. युसूफभाईंचं येणं बंद झालं. मी कोठीत पालथा पडलो. पोटातली कल्हई काळपट पडली, कुठे कुठे उडाली. वाईट वाटायचं, खोटं कशाला सांगू.

त्या पालथ्या दिवसांतच मला माझी ओळख झाली. नानांची मुलगी पुष्पा धुळ्याला कॉलेजात सायन्स शिकत होती. सुट्टीत घरी आली की माझ्या बुडाचं टेबल करून ती अभ्यासाला बसायची आणि मोठ्याने वाचायची. सगळे पदार्थ अणूंचे बनलेले आहेत, असं ती वाचायची. धातूच्या अणूंचे बाहेरचे इलेक्ट्रॉन कोणा एका अणूचे राहत नाहीत, ते सगळ्यांचे मिळून असतात, म्हणून धातू ठोकला तरी तुटत नाही, असंही एकदा तिने वाचलं. मी हादरलोच. म्हणजे आतून मी गल्लीसारखाच होतो तर. एका घराचा नाही, सगळ्यांचा. हातोडीखाली मी का फुटलो नाही, ते मला इतक्या वर्षांनी कळलं.

पुष्पाचं लग्न ठरलं ते शिंदखेड्याकडच्या घरात, चैत्राच्या उन्हात. तिने वडिलांना एकच अट घातली. लग्नाचं काम तिच्या आत्याच्या हातून व्हायला हवं. आत्याचं नाव धुरपदाबाई, नानांची धाकटी बहीण. कोवळ्या वयात विधवा होऊन माहेरी परतलेली. पुष्पाची आई गेल्यावर तिनेच पोरीला वाढवलं. पण गावातल्या कुठल्याही लग्नात तिला चुलीजवळ उभं केलं नव्हतं. हळद, तेल, हंडा, कशाला म्हणून तिचा हात लागू द्यायचे नाहीत. नाना आधी कचरले, मग हो म्हणाले. गल्लीतल्या बायांमध्ये कुजबुज सुरू झाली, आणि त्यांत शेजारच्या कमलबाईंचा आवाज सगळ्यांत वर होता.

धुरपदाबाईने मला कोठीतून काढायला लावलं. वऱ्हाडाला कैरीचं पन्हं द्यायचं, ते माझ्यात करायचं, असं तिने ठरवलं होतं. दोन दुपारी बसून तिने मला घासलं. बाहेरून चिंचेने, आतून विटकरीने. माझ्या पोटात जे काळं दिसत होतं तो वर्षांचा मळ आहे, असं तिला वाटलं. कसं वाटणार नाही? जन्मात पहिल्यांदा ती माझ्या आत डोकावत होती. कल्हई होताना तिला कधी कोणी जवळ येऊ दिलं नव्हतं. उरलंसुरलं कथील तिने इतक्या मायेने खरवडून काढलं की मी आतून लालचुटुक झालो. घासताना ती गुणगुणत होती. मला ओरडून सांगता आलं असतं तर किती बरं झालं असतं.

संध्याकाळी कैऱ्या उकडल्या, गूळ पडला, वेलची पडली, आणि पन्हं माझ्यात रात्रभर मुरत राहिलं. आंबट रस उघड्या तांब्याला भिडला आणि हवेच्या साथीने हळूहळू मला ओढून घेऊ लागला. माझ्या अंगचे अणू एकेक करून सुटत होते आणि पन्ह्यात दिसेनासे होत होते. दुखत काहीच नव्हतं. पण मला ठाऊक होतं, आता ते पन्हं राहिलेलं नाही, पिणाऱ्याला बाधेल असं काहीतरी झालं आहे.

सकाळी वऱ्हाडाचा ट्रक गावात शिरल्याची वर्दी आली. धुरपदाबाईने हौसेने पेलाभर पन्हं आधी पुष्पाकडे नेलं. हळद लागलेली पोर ओट्यावर बसली होती. तिने एक घोट घेतला आणि तिचं तोंड कसनुसं झालं. घोट तिने बाजूला थुंकला.

"फुई, हाई कसामा करं?" तिने विचारलं. आत्याला ती फुई म्हणे.

"हंडामा. दोन दुपार घासं मी त्याले."

"मझारतून बी घासं?" आतूनही घासलं का, हेच तिला हवं होतं.

"तर काय. बठ्ठा मळ काढी टाका. दख ना, कसा सोनासारखा चमकस."

पुष्पा ओट्यावरून उतरून अंगणात आली. हळद लागलेल्या नवरीने तसं उतरायचं नसतं, म्हणून बाया पाहतच राहिल्या. तिने माझ्यात वाकून पाहिलं आणि हळूच म्हणाली, "फुई, हाई कोनलेच देवानं नही."

"कसाले? मना हातनं शे म्हनीसन?"

पुष्पा काही सांगणार तोच मागून कमलबाई म्हणाल्या, "शुभ कामले हिना हात नको व्हता. आम्ही सांगंच व्हतं." धुरपदाबाईचा चेहरा उतरला. ती म्हणाली, "मी पेस पहिले. मग समजी जाई बठ्ठास्ले." आणि तिने पेला तोंडाला लावायला उचलला. पुष्पाने तिचं मनगट घट्ट धरलं. पिवळी बोटं तिच्या रिकाम्या हातावर उमटली.

मग पुष्पाने एक विळा मागून घेतला. त्याचं पातं दगडावर घासून गंज काढला, लोखंड पांढरं लखलखीत केलं आणि अर्धं पातं स्टीलच्या वाडग्यात घेतलेल्या पन्ह्यात बुडवून ठेवलं. बाहेर वऱ्हाड पाय धूत होतं, पाणी मागत होतं. नाना कासावीस होऊन येरझाऱ्या घालत होते. बराच वेळ गेला. मग तिने पातं काढून पाण्याखाली धरलं.

वरचं अर्धं लोखंड होतं तसं होतं. बुडालेल्या अर्ध्यावर तांबूस लेप चढला होता.

मित्रांनो, तो लेप म्हणजे मी होतो. पन्ह्यात विरून गेलेला, कुणाच्याही डोळ्यांना न दिसणारा मी. लोखंड स्वतः पन्ह्यात उतरलं होतं आणि आपल्या जागेवर त्याने मला बाहेर बसवलं होतं. त्या पात्यावर मी स्वतःलाच पाहिलं आणि थक्क झालो. विरघळलो होतो, पण नाहीसा झालो नव्हतो. जगातलं काहीच नाहीसं होत नाही की काय, असं मनात येऊन गेलं.

पुष्पा सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "हाई हंडानं तांबं शे. कल्हई निंघी गई, म्हनीसन आंबटमा उतरनं. फुईना हातनं काही नही. कोनी बी घासतं तरी असंच व्हतं."

खरंच होतं ते. घासणाऱ्या हातात बांगडी आहे की नाही हे मला कधी कळलंच नाही. आंबट येतं आणि माझ्यातून घेऊन जातं. त्याला सवाष्ण आणि विधवा ठाऊक नाही. पण कमलबाईंनी मान फिरवली.

धुरपदाबाईने ते पातं हातात घेऊन पाहिलं. मग पदर खोचला, माझ्या पोटाला खांदा लावला आणि मला आडवा केला. सगळं पन्हं अंगणाबाहेरच्या चरात वाहून गेलं. ती तशीच ओल्या लुगड्याने मांडवात गेली आणि नवऱ्या मुलाच्या आईसमोर, यशोदाबाईंसमोर उभी राहिली.

"पन्हं मी ओती दिधं. हंडा घासाले मी चुकनू. बोल लावशात तर माले लावा, पोरले नही. सध्या पानीच प्या."

 लग्न मोडतं की काय, या भीतीने नानांनी डोळे मिटून घेतले. यशोदाबाई उठल्या. अंगणात आल्या, माझ्यापाशी बसल्या आणि माझ्या आत हात घालून बोटं फिरवली. मग त्यांनी पुष्पाला विचारलं, "मझार आते धवळं काहीच नही. असाच दिखस ना कल्हई गयेल हंडा?"

पुष्पाने मान हलवून हो म्हटलं.

"आमना घर बी असाच शे," यशोदाबाई म्हणाल्या. "परवा मीच घासा. आज सांजले त्यामा ताक भरनार शेत, उद्यानी कढीकरता."

त्यांनी लगेच वऱ्हाडाचा ट्रक आणणाऱ्या वना नावाच्या ड्रायव्हरला हाक मारली आणि गावी परत पिटाळलं. ताक हंड्यात भरू नका, भरलं असेल तर ओतून द्या, असा निरोप दिला. उद्या तिथे सगळं गाव जेवणार होतं. ट्रक धुरळा उडवत निघून गेला, तशा त्या कमलबाईंकडे वळल्या. दोन्ही हात पुढे केले. कोपरापर्यंत हिरवा चुडा होता.

"हाई दखा. मना हात तर शुभ शेत ना?" त्या म्हणाल्या. "मी बी तेच करं."

 यशोदाबाईंनी धुरपदाबाईचा हात धरला आणि तिला मांडवात नेलं. मी आडवा पडलो होतो, माझं तोंड मांडवाकडे होतं, म्हणून मला सगळं दिसलं. मंगलाष्टकं संपून लग्नाची टाळी लागली तेव्हा धुरपदाबाई पुष्पाच्या अगदी मागे उभी होती. तिच्या मुठीत अक्षता होत्या आणि त्या टाकताना तिला कोणी अडवलं नाही.

पुढे मला पुन्हा कल्हई झाली. आता मी थोडाफार कामात असतो, थोडाफार कोठीत. मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखं एखादं जुनं भांडं असेल तर त्याला वर्षातून एकदा तरी कल्हई करून आणा. आतला करडा थर मळ समजून घासू नका. कल्हई उडाली असेल तर त्यात ताक, चिंच, कैरी ठेवू नका. आणि घरात कधी काही बिघडलंच, तर ते कोणाच्या हातून बिघडलं हे विचारायच्या आधी, मेहेरबानी करून भांड्याच्या आत वाकून बघा.