घरच्या कपड्याला खूण नसते

लाँड्रीच्या कौंटरवर उभं राहून गप्पा मारायला कुणाची बंदी नसते, पण रेडिओकाका जितकं बोलत तितकं बोलायला माणूस जन्मालाच तसा यावा लागतो. गिऱ्हाईक एक शर्ट टाकायला यायचं आणि जावयाच्या नोकरीपासून गुडघ्याच्या दुखण्यापर्यंत सगळं ऐकून, ऐकवून, "मेलो, उशीर झाला" म्हणत पळायचं. 'रेडिओ' हे नाव गल्लीने ठेवलं होतं आणि काकांनी ते मानाचं पद असल्यासारखं मिरवलं होतं. "रेडिओला निदान बंद करायचं बटण असतं," असं त्यांची लेक लहानपणापासून म्हणत आली होती.

काकूंचं राज्य आतल्या खोलीत. तिथे वाफ, निळीचा वास आणि छताला बांधलेल्या दोऱ्या. काकूंच्या शाळेची गोष्ट एका दमात संपते: धाकट्या भावंडांना सांभाळायला घरात कुणी नव्हतं, म्हणून अक्षरं हातात बसायच्या आत पाटीच हातातून गेली. आता लाँड्री म्हटली की कपड्यांचा डोंगर. कुठला कुणाचा हे लिहून ठेवल्याशिवाय कळणार कसं? इतर लाँड्रीवाले शाईने नाव घालत. काकूंनी सुईदोरा उचलला. कॉलरच्या आत, चादरीच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याचे इवलेसे टाके. कुणाची फुली, कुणाचा त्रिकोण, कुणाच्या नुसत्याच गाठी. नावंही त्यांनी आपली आपण ठेवली होती. दर वेळी तुटक्या बटणाचा शर्ट आणणारा तो बटणतोडे. पेन उघडंच खिशात ठेवणारा कारकून तो शाईखिसे. गिऱ्हाइकांना हे ठाऊक होतं आणि बटणतोडे तर स्वतःची ओळख तशीच करून द्यायचा.

आणि सगळ्यांच्या वर एक नियम. घरच्या कपड्याला खूण नसते. वाळलेल्या ढिगातून खुणांचे कपडे वेगळे काढले की उरतील ते आपले.

ही लाँड्री मुळात काकूंच्या वडिलांची. काका तिथे आले ते गिऱ्हाईक म्हणून. तेव्हा ते एका छापखान्यात कामाला होते, अंगावर एक आणि दोरीवर एक असे मोजून दोन शर्ट. त्यातला एक ते इतक्या वेळा धुवायला आणू लागले, की कौंटरवर बसणाऱ्या मुलीने त्यांचं नाव 'दोन शर्टवाले' ठेवलं आणि त्यांच्या कॉलरमध्ये खूण घातली: दोन तिरके टाके, खाली एक गाठ. एकदा तिने शर्ट उलटसुलट करून पाहिला आणि सरळ विचारलं, "परवाच तर धुतला होता. इतक्यात मळला?"

तोंडाचा पट्टा कधी न थांबणाऱ्या त्या पोराच्या तोंडाला त्या दिवशी जी खीळ बसली, ती काही केल्या निघेना. उभा राहिला नुसता, कान लाल करून. दुसरी कुणी असती तर हसली असती, नाहीतर "काय हवंय?" म्हणून खेकसली असती. ही थांबली. तोच शर्ट तिने घडी घातला, मोडला, पुन्हा घातला. शेवटी म्हणाली, "शर्ट उद्या मिळेल. बोलणं कधी मिळेल?"

बोलणं मिळायला आणखी बरेच शर्ट धुवावे लागले. लग्न झालं, आणि दुसऱ्याच दिवशी काकूंनी दोन्ही शर्ट मांडीवर घेऊन कात्रीच्या टोकाने त्यातले लाल टाके उसवून काढले. "आता तुम्ही घरचे," एवढंच म्हणाल्या. ती खूण पुढे त्यांनी कुठल्याच गिऱ्हाइकाला दिली नाही. हा किस्सा काकांनी गल्लीला इतक्या वेळा ऐकवला होता, की लोक शेवटचं वाक्य त्यांच्याबरोबर म्हणत.

शब्द हरवायला लागले ते हळूच. आधी लहानसहान गेले. "जरा ते द्या हो... ते..." असं काकू म्हणायच्या आणि काका "चिमटा ना? हा घे" म्हणून मोकळे व्हायचे. मग "ते गरम" म्हणजे इस्त्री झाली, "पाण्याचं ते" म्हणजे बादली. काकांना यात काही वावगं वाटलं नाही. बोलण्याचं खातं पहिल्यापासून त्यांच्याकडेच होतं. तिने वाक्य सुरू करावं आणि यांनी संपवावं, हा संसार असाच चालत आलेला. काका शब्द झेलत राहिले, आणि काकूंच्या तोंडून दिवसाला किती कमी शब्द बाहेर पडतायत हे काकांच्या ध्यानातच आलं नाही.

मग एक दिवस बटणतोडेची पॅंट शाईखिसेच्या घरी गेली. इतक्या वर्षांत कधी न झालेली गोष्ट. खूण शाबूत होती, पण काकूंनी ती बोटाने चाचपली आणि कुणाची ते आठवेना, म्हणून दिली समोर आला त्याला. "माझाच वेंधळेपणा!" असं काका दोघांनाही ओरडून सांगत सुटले. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्या दिवसापासून आलेला कपडा ते आधी स्वतः बघायचे आणि मग काकूंच्या हातात देताना सहज म्हटल्यासारखं म्हणायचे, "हा आपला बटणतोडे बरं का!"

मूठ उघडली लेकीने. सुट्टी काढून चार दिवस राहायला आली होती. दुसऱ्या दिवशी जेवताना तिने ताट सारलं आणि म्हणाली, "बाबा, मी आल्यापासून आईला जे जे विचारलं, त्याचं उत्तर तुम्ही दिलंय. आईला भूक लागली का, हेसुद्धा तुम्हीच सांगताय."

"मला कळतं ना तिचं!"

"तिला कळतंय का, ते विचारतेय मी."

काकांनी घाईने काकूंच्या ताटात आणखी भात वाढला. तेवढ्यानेच लेकीला काय समजायचं ते समजलं.

दवाखान्यातली डॉक्टरीण तरुण होती, आणि घाईत नव्हती. तिने काकूंपुढे एक छापील कागद ठेवला. घड्याळ काढा, एक वाक्य लिहा, शंभरातून सात वजा करत जा. काकूंनी पेन्सिल सुईसारखी धरली आणि कागदाकडे बघत बसल्या.

काका उसळलेच. "अहो डॉक्टर, तिची पाटी लहानपणीच सुटली. वाक्य कुठून लिहिणार? यात विसरण्याचं काय आलं?"

"बरोबर आहे तुमचं काका," म्हणत तिने कागद बाजूला सारला. "शाळा सुटलेल्या माणसाला या कागदाने मोजायचं नसतं."

काकांच्या जिवात जीव आला. बायकोची शाळा सुटली हे त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच भाग्याचं वाटलं. पण डॉक्टरीण पुढे म्हणाली, "म्हणून तुम्हाला विचारते. जे त्यांना आधी सहज यायचं, त्यांच्या कामातलं, ते आता येतं?"

"येतं की! अगदी पहिल्यासारखं," काका म्हणाले. लेकीकडे त्यांनी बघितलं नाही.

डॉक्टरणीने टेबलावरची कात्री उचलली. "काकू, हे काय?"

"हे... कापायचं..."

"कात्री!" काका म्हणाले.

तिने किल्ली दाखवली. काकूंचे ओठ हलले. "दाराचं..."

"किल्ली!"

"काका," डॉक्टरीण हसून म्हणाली, "परीक्षा कुणाची चाललीय?" मग तिचं हसू ओसरलं. ती समजावत बोलली. रक्त तपासू, डोक्याचा फोटो काढू, पण हा नुसता वयाचा विसराळूपणा दिसत नाही. शब्द जातायत, पुढे माणसांची ओळखही पुसट होऊ शकते. "तुम्ही मायेने करताय, मला कळतं. पण त्यांचं वाक्य तुम्ही संपवलंत की त्यांना शोधायला वावच उरत नाही. जरा थांबत जा. येईल तो शब्द त्यांचा त्यांना येऊ दे."

रेडिओ बंद करायचं बटण शेवटी सापडलं होतं, आणि लेकीला त्याचं मुळीच हसू आलं नाही.

घर कधी इतकं शांत नव्हतं. काकू "ते..." म्हणून थांबायच्या आणि काका जीभ दातांखाली धरून बसायचे. कधी शब्द यायचा, उशिरा, वाट चुकलेल्या पाहुण्यासारखा. कधी भलताच यायचा. बरेचदा यायचाच नाही, आणि काकू खिडकीकडे तोंड करून बसायच्या. आपण इतके दिवस बोलून बोलून काय झाकून ठेवलं होतं, ते काकांना त्या शांततेत ऐकू आलं. एका दुपारी मोरीत नळ सोडून ते भरपूर रडले.

लेकीने सुट्टी वाढवली होती. "दोघंही माझ्याकडे चला," ती म्हणाली. "लाँड्री बंद करा. एकट्याने नाही निभायचं तुम्हाला."

"अनोळखी घरात ती आणखी हरवेल गं. इथे तिला भिंती ठाऊक आहेत." काका बोलता बोलता अडखळले. "मला ओळखतेय तोवर इथे राहू दे आम्हाला. ज्या दिवशी ओळखणार नाही, त्या दिवशी तू नेशील तिथे येतो. शब्द आहे माझा."

लेकीने मान डोलावली. पण माळ्यावरची मोठी बॅग तिने काढून ठेवली, आणि काकांना ती येता-जाता दिसायची.

त्यानंतर रोज सकाळी काका चहाचा कप पुढे करून काकूंच्या डोळ्यांत बघायचे. काकू हसायच्या. पण काकू बटणतोडेकडे बघूनही तशाच हसायच्या. नाव तर त्यांनी नवऱ्याचं कधी घेतलं नव्हतं, "अहो" वर सगळा संसार झाला, आणि आता तो "अहो"ही कानावर येईनासा झाला होता. तिला विचारायचं तरी काय? "मी कोण?" असं विचारायचा काकांना धीर होत नव्हता. उत्तर आलं नाही तर?

अशात एका सकाळी त्यांनी दोरीवरून आपला पांढरा शर्ट ओढला आणि कॉलरला बोट लागलं. आत काहीतरी टोचलं.

काकांनी कॉलर उलटली नाही. उलटायची गरजच नव्हती. आयुष्य या टाक्यांत गेलं होतं. घरच्या कपड्याला खूण नसते. म्हणजे आपण घरचे राहिलो नाही. ढिगातून वेगळं काढून कुणाच्या तरी घरी पाठवायचं गिऱ्हाईक झालो. ते होते तिथेच खाली बसले. शेजारच्या खोलीत लेक फोनवर बोलत होती. तिच्या हाती हा शर्ट पडायची खोटी. टाके उसवून टाकले की झालं, कुणाला कळणार होतं? काकांनी कात्री घेतली. टोक लावायला म्हणून कॉलर उलटी करून उजेडात धरली.

दोन तिरके टाके. खाली एक गाठ.

टाके वेडेवाकडे होते, दोरा एके ठिकाणी गुंतला होता. पण खूण तीच. सगळ्या गल्लीत, सगळ्या जन्मात एकाच माणसाला दिलेली.

काकांनी कात्री ठेवली. भांग पाडला. मागच्या दाराने बाहेर पडून, घराला वळसा घालून ते रस्त्याच्या बाजूने लाँड्रीच्या कौंटरसमोर येऊन उभे राहिले. कौंटरमागे, हल्ली काका त्यांना आपल्याजवळ बसवायचे त्या स्टुलावर, काकू बसल्या होत्या. काकांनी तोच शर्ट कौंटरवर ठेवला.

काकूंनी शर्ट ओढला, कॉलर उलटली, बोट फिरवलं. मग वर पाहिलं. गिऱ्हाइकांकडे बघून हसायच्या, तशा त्या हसल्या नाहीत. नीट बघत राहिल्या.

"परवाच तर..." त्या म्हणाल्या आणि थांबल्या.

शब्द काकांच्या जिभेच्या टोकावर होता. उभा जन्म ज्या शब्दाने पोट भरलं, तो साधा शब्द. त्यांनी कौंटरची कड गच्च धरली आणि तोंड मिटून ठेवलं. रस्त्यावरून एक सायकल गेली. कुणीतरी "काय रेडिओ!" म्हणून हाक मारली, त्यांनी वळूनही पाहिलं नाही.

"परवाच तर... धुतला होता," काकू म्हणाल्या. "इतक्यात मळला?"

आता बोलायची पाळी काकांची होती, आणि तोंडाला पुन्हा तीच जुनी खीळ बसली. उभे राहिले नुसते. काकूंनी घाई केली नाही. शर्टाची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. त्या कामात त्यांचे हात पूर्वीसारखेच चालत होते. गालांवर मात्र थोडा रंग चढला होता, आणि तो काकांनी फार वर्षांत पाहिला नव्हता.

"उद्या या," त्या खाली बघत म्हणाल्या. "याल ना?"

"येईन," काका कसेबसे म्हणाले. "रोज येईन."

आतल्या दारात लेक उभी होती. कधीपासून, कोण जाणे. काका डोळे पुसत वळसा घालून परत आले, तेव्हा तिने त्यांचा हात धरला.

"बाबा, आईने ओळखलं?"

"ओळखलं गं," काका म्हणाले. "फक्त आमचं लग्न व्हायचंय अजून."

लेक हसली आणि हसता हसता रडली. मग तिने मोठी बॅग उचलली आणि खुर्चीवर चढून परत माळ्यावर टाकली.