बगळेमामांची खुर्ची

मी एक जुनी, उंच खुर्ची आहे. जेवणाच्या टेबलाशी मी कधी बसले नाही, की ऑफिसात कुणा साहेबाच्या पाठीला टेकू दिला नाही. माझे पाय माणसाच्या उंचीपेक्षा लांब आहेत. माझ्यावर बसायचे तर आधी शिडी चढावी लागते. पोहण्याच्या तलावाकाठी, जिथे पाणी सर्वांत खोल असते, तिथे माझी जागा होती. मित्रांनो, माझ्यावर जो बसतो त्याला जीवरक्षक म्हणतात. त्याचे काम एकच. पाण्याकडे बघत राहायचे.

माझा जन्म महानगरपालिकेच्या कारखान्यात झाला. एका लोहाराने माझे पाय जोडले आणि एका सुताराने माझ्या फळ्या बसवल्या. सुताराने बैठक पुढच्या बाजूला किंचित उतरती केली, तेव्हा लोहार हसला.

"अरे, वाकडी झाली की ही!"

"वाकडीच हवी," सुतार म्हणाला. "आरामात रेलायला मिळालं की माणूस पेंगतो. इथं बसणाऱ्यानं पेंगून कसं चालेल?"

त्या दोघांना मी पुन्हा कधी पाहिले नाही. पण इतक्या विचाराने आपल्याला घडवले गेले याचा मला फार अभिमान वाटे.

आता आमच्या महानगराविषयी सांगते. देशातल्या मोठ्या शहरांची दरवर्षी क्रमवारी लागायची. हवा, रस्ते, स्वच्छता, वाहतूक अशा सगळ्या बाबतींत आमचे नाव शोधायचे तर यादीच्या तळापासून सुरुवात करावी लागे. पण खेळांत मात्र आम्ही पहिले! आणि त्यातही पोहण्यात. परगावच्या स्पर्धांमध्ये आमच्या पोरांच्या निळ्या टोप्या दिसल्या की बाकीच्यांचे चेहरे पडत म्हणे. रिक्षावाल्यांपासून डॉक्टरांपर्यंत सगळे त्या एका गोष्टीवर कॉलर ताठ करून चालत. "रस्ते नसतील आमचे धड, पण पोहून दाखवा आमच्याबरोबर," असे लोक पाहुण्यांना ऐकवत.

माझ्यावर बसणारे जीवरक्षक म्हणजे बगळेमामा. हे त्यांचे खरे नाव नव्हे. उंच मान, काटकुळे पाय आणि पाण्यावर खिळलेली नजर, म्हणून मुलांनी ते नाव पाडले. मामांनीही उट्टे काढले. प्रत्येक पोराला त्यांनी एकेका पक्ष्याचे नाव दिले. कुणी मैना, कुणी घुबड, कुणी होला. एक मुलगी होती, पाण्यातून डोके वर आले रे आले की तिची बडबड सुरू होई. ती टिटवी.

टिटवीचे वडील बसचालक होते. पाळी संपली की खाकी गणवेशातच तलावाच्या जाळीबाहेर येऊन उभे राहत. त्यांना स्वतःला पोहता येत नव्हते. पाण्याची त्यांना भीतीच वाटे.

"अहो ड्रायव्हरसाहेब, आत या की! पाय तरी भिजवा," मामा वरून ओरडत.

"नको बाबा. माझी गाडी जमिनीवरच बरी," ते म्हणत आणि जाळीला घट्ट धरून लेकीकडे बघत राहत.

टिटवीला एक गोष्ट अशी जमे, की बघणाऱ्याचाच श्वास अडकावा. एका दमात, पाण्याखालून, ती तलावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन परत येई. पण त्यासाठी मामांचा कडक नियम होता. बाकी सगळ्यांना ते बाहेर काढत, माझ्यावरून खाली उतरत आणि तिच्या बरोबरीने काठाकाठाने चालत. "दम रोखून पोहणारा माणूस बुडताना हाका मारत नाही, हातपाय झाडत नाही," ते मुलांना सांगत. "दिवा विझावा तसा विझतो. म्हणून मी नसताना हे करायचं नाही. कुणीही सांगितलं तरी नाही. कळलं का गं टिटवे?"

"कळलं हो मामा. रोज रोज तेच काय!"

अशी कितीतरी वर्षे छान गेली. मग एका वर्षी क्रमवारी आली आणि आमचे महानगर खेळात दुसरे आले. पुढच्या वर्षी आणखी खाली घसरले. सगळ्या शहराला जणू सुतक लागले. वर्तमानपत्रांत मोठाले मथळे आले. प्रशिक्षकांना, ज्यांना सगळे नुसते 'सर' म्हणत, रस्त्यात अडवून लोक जाब विचारू लागले. सर मनाने वाईट नव्हते. पण त्या दिवसांत त्यांचा आवाज चढू लागला, हसणे बंद झाले. महानगरपालिकेचे मोठे साहेब तलावावर आले की सर त्यांच्यामागे हात बांधून चालत.

आणि एक दिवस कळले, क्रमवारी ठरवणारी समिती आमचा तलाव बघायला येणार.

मित्रांनो, मग काय धावपळ उडाली म्हणून सांगू! भिंतींना रंग लागला, फरशा घासल्या गेल्या, दारापाशी कुंड्या आल्या. मला मात्र रंग लावायला वेळ उरला नाही. माझे पाय गंजले होते, फळ्यांचे पोपडे निघाले होते. साहेबांनी माझ्याकडे बघून नाक मुरडले. हलवायचे म्हटले तर मी जमिनीत पक्की रोवलेली. शेवटी समिती यायच्या दिवशी सकाळी त्यांनी एक भलामोठा फलक आणवला आणि समोरून मला त्यात गुंडाळून टाकले. 'देशातील पहिली क्रीडानगरी' असे त्यावर लिहिले होते. पहिली आली नव्हती अजून, पण येणार याची खात्री असावी.

"साहेब, मी वर चढू कुठून मग?" मामांनी विचारले.

"आज बसू नका. तुम्ही पांढरा गणवेश घालून फाटकाशी थांबा. पाहुण्यांच्या हातात गुच्छ द्यायचाय. तुमच्यासारखा जुना माणूस बरा दिसतो."

"पण पोरं पाण्यात असणार ना?"

"अहो, इतकी माणसं असणार आजूबाजूला. आज कोण बुडतंय?"

मामा फाटकाकडे निघाले. जाताना दोनदा वळून त्यांनी पाण्याकडे बघितले.

थोड्या वेळाने मुले पाण्यात उतरली. पाहुणे येतील तेव्हा तलाव गजबजलेला दिसायला हवा होता. सरांनी टिटवीला काठाशी बोलावले.

"पाहुणे इकडे आले की तू पाण्याखालून जाऊन येऊन दाखवायचंस. तोवर एकदोनदा करून बघ. आज चूक नको."

"सर, मामा कुठायत? मामा नसताना..."

"मी आहे ना इथं! सगळं शहर तुझ्याकडे बघतंय, पोरी. हट्ट करू नकोस."

ती गेली, परत आली. धापा टाकत पुन्हा गेली. तेवढ्यात फाटकाशी गाड्या थांबल्या, वाजंत्री सुरू झाली आणि सर तिकडे धावले. सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. टिटवीने काठ धरून भराभर श्वास घेतले आणि ती तिसऱ्यांदा पाण्याखाली गेली.

फलकाच्या फटीतून मला ती दिसत होती. जाताना तिचे हात लांब, सरळ पडत होते. परतताना अर्ध्यावर ते मंदावले. मग थांबले. ती हळूहळू खाली उतरली आणि माझ्या पायांशी, जिथे पाणी सर्वांत खोल होते, तिथे तळाशी निजल्यासारखी पडून राहिली. वर एक बुडबुडाही आला नाही.

मित्रांनो, त्या वेळी मला तोंड असते तर! पण खुर्चीला तोंड नसते. तिच्यावर बसणाऱ्याला असते.

मैनेने पाण्यात डोके घातले तेव्हा तिला तळाशी टिटवी दिसली. मैनेची किंकाळी ऐकून मामांनी हातातला गुच्छ टाकला आणि पांढऱ्या गणवेशासकट पाण्यात सूर मारला. त्यांनी तिला वर आणले, काठावर निजवले, तिच्या छातीवर दाब देत राहिले, तोंडाने श्वास देत राहिले. "ऊठ गं टिटवे. बोल काहीतरी. बोल गं," असे म्हणत राहिले. डॉक्टर आले, त्यांनी मामांच्या खांद्यावर हात ठेवला, तरी मामा थांबेनात. शेवटी दोघातिघांनी त्यांना उचलून बाजूला केले. वाजंत्री केव्हा बंद पडली कुणाला कळलेच नाही.

पुढच्या काही दिवसांत तलाव रिकामा केला गेला. एका दुपारी मोठे साहेब मामांना घेऊन माझ्यापाशी आले. आजूबाजूला कुणी नाही असे बघून हळू आवाजात बोलले.

"चौकशी होणार आहे. तुम्ही इतकंच सांगा की तुम्ही खुर्चीवर होता आणि मुलीला आतून काहीतरी आजार असणार. मग कुणाचीच चूक नाही. तुमची नोकरी राहील, तलाव चालू राहील."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर तलावाला टाळं. एवढी पोरं जातील कुठं? त्यांचा विचार करा. शहराचं नाव जाईल ते वेगळंच."

मुलांच्या आईवडिलांपैकीही काहीजण येऊन हात जोडून गेले. "मामा, गेलेलं लेकरू तर परत येत नाही. आमच्या लेकरांचं बघा." मामांचे जेवणखाण सुटले, ते खंगत चालले.

मग टिटवीचे वडील आले. इतक्या वर्षांत ते पहिल्यांदा जाळीच्या आत आले होते. ती जिथे पडली होती, ती कोरडी फरशी ते बराच वेळ बघत उभे राहिले. मग माझ्या शिडीवर बसलेल्या मामांकडे वळले.

"मामा, ते म्हणतात माझ्या पोरीला आजार होता. मी तसं बोललो तर तलावाला तिचं नाव देणार म्हणे. मला दुसरं काही नको. एक सांगा. तुम्ही वर होता का?"

मामांनी मान वर केली नाही.

"नाही, दादा. खुर्ची रिकामी होती. मला फाटकाशी उभं केलं होतं. मी उभा राहिलो."

वडील त्यांच्या अंगावर धावून जातील असे मला वाटले. त्यांनी मूठ आवळलीही होती. पण ते मामांच्या शेजारी शिडीवर बसले आणि दोन्ही हातांत तोंड धरून रडले. मामाही रडले. दोन मोठी माणसे अशी रडताना मी कधी पाहिली नव्हती.

चौकशीत मामांनी सगळे खरे सांगितले. वडिलांनीही सांगितले, माझ्या लेकीला कसलाही आजार नव्हता. सफाईवाल्या बाया एकमेकींशी बोलत होत्या, त्यातून मला हे कळले. निकाल काय लागला? जीवरक्षकाने आपली जागा सोडली, हीच काय ती चूक ठरली. कुणाच्या सांगण्यावरून सोडली, हे कुणी विचारले नाही. मामांना नोकरीवरून काढले. सर आपणहून शहर सोडून गेले. आणि त्याच वर्षी क्रमवारीत आमचे महानगर खेळात पहिले आले.

शहरभर रोषणाई झाली. बसगाड्यांच्या अंगावर 'आम्ही पहिले' अशी मोठाली अक्षरे रंगवली गेली. टिटवीचे वडील रोज तशीच एक गाडी चालवत. एका थांब्यावर कुणा प्रवाशाने त्यांच्याशी हसून हात मिळवला आणि अभिनंदन केले. दुसऱ्या दिवसापासून ते कामावर गेले नाहीत. पुढे त्यांनी एका गोदामात मालाचा टेम्पो चालवायचे काम धरले. त्या गाडीवर काही लिहिलेले नव्हते.

तलाव नवा झाला. माझ्या जागी खांबावर कॅमेरे आले आणि आत फक्त स्पर्धेच्या मुलांनाच प्रवेश उरला. मला करवतीने पायाशी कापले आणि मागच्या भंगारात फेकले. पावसात भिजत, उन्हात तडकत मी तिथे पडून राहिले. मला वाटले, आपले संपले. संपायलाच हवे होते. गरज होती तेव्हा मी रिकामी राहिले होते.

पण बाकीच्या मुलांचे काय झाले माहीत आहे? ती शहराबाहेरच्या जुन्या दगडखाणीत साचलेल्या पाण्यात पोहू लागली. मामांना हे कळले तसे ते काठी घेऊन तिथे गेले आणि त्यांना हाकलू लागले. मुले या बाजूने पळत आणि त्या बाजूने पाण्यात उतरत. आणि मग एक दिवस टिटवीचे वडील टेम्पो घेऊन त्या भंगारापाशी आले. त्यांनी मला गाडीत चढवले आणि खाणीच्या काठावर नेऊन उभे केले.

"मामा, पोरं ऐकणार नाहीत," ते म्हणाले. "मग निदान कुणीतरी वर बसलेलं असू दे."

"रोज कसा येणार मी, दादा? आता गुडघे चढू देत नाहीत."

"मग मला शिकवा."

आणि मित्रांनो, त्या वयात तो माणूस पोहायला शिकला. पहिल्या दिवशी गुडघाभर पाण्यात त्यांचे दात वाजत होते. पाणी तोंडात गेले की ते ओकारी काढत, काठाला येऊन थरथरत बसत आणि पुन्हा उतरत. मामा त्यांच्या पोटाखाली हात धरून असत. मुले लांबून बघत, पण एकही हसले नाही. ऋतू सरले, तेव्हा कुठे ते खोल पाण्यातून आपले आपण परत आले.

आता मामा नाहीत. टिटवीचे वडील माझ्यावर बसतात. बोलत नाहीत, कुणाला पक्ष्यांची नावे देत नाहीत. फक्त बघतात. ते आजारी पडले किंवा कामावर अडकले, की मुले पाण्याशी येतात, माझ्याकडे बघतात आणि काठावरच बसून राहतात. कुणीही उतरत नाही.

मित्रांनो, तुम्हीही एवढेच करा. पाण्याशी गेलात आणि उंच खुर्ची रिकामी दिसली, तर उतरू नका. कुणी कितीही मोठे असो, कितीही घाई करो, त्याला आधी मोठ्याने विचारा, "इथला माणूस कुठे नेलात?"