गेट कुठं बसवायचं

"मगदूम वहिनी, तुमचं गेट गटारात उभं हाय."

साताऱ्याहून सुभेदार लालासाहेब जगदाळे फोनवर बोलत होते, आणि इकडे सांगलीत कस्तुरी मगदूम दुकानाच्या शेडमध्ये टेपचं एक टोक धरून उभी होती. दुसरं टोक तिच्या नवऱ्याच्या, नेमिनाथच्या हातात. फोन ऐकता ऐकता तिच्या हातून टोक सुटलं आणि टेप सरसरत नेमिनाथच्या बोटांवर जाऊन आपटली.

"कुठलं गेट?" तिनं विचारलं. सुभेदारांच्या गेटला अजून एक गजसुद्धा कापलेला नव्हता.

"कंप्युटरवरचं वो. तुमी दिलंय न्हाई का बघायला? डिझाइन दाबलं की गेट भिंतीत यायचं सोडून खाली रस्त्याकडंच्या गटारात जातंय. पुन्हा दाबलं तर मात्र बरोबर जागेवर."

मिरज रस्त्याला नेमिनाथचं फॅब्रिकेशनचं दुकान होतं. गेट, ग्रील, जिने. माणूस कामाला चोख, पण गिऱ्हाईक पुस्तकातलं चित्र बघून गेट ठरवायचं आणि बसवून झालं की गाल फुगवायचं, "आमच्या घराला हे असं दिसंल असं वाटलं न्हवतं." लग्नाआधी कॉलेजात गणित शिकवणाऱ्या कस्तुरीला हे वर्षानुवर्षं ऐकून कंटाळा आला होता. मग व्हिडिओ बघत बघत ती जावास्क्रिप्ट शिकली आणि तिनं दुकानासाठी एक वेबपान बनवलं. गिऱ्हाइकानं आपल्या घराचा फोटो पाठवायचा, कस्तुरी त्यावर गेटची जागा ठरवून द्यायची, आणि मग खालच्या डिझाइनवर दाबत गेलं की फोटोतल्या भिंतीत गेट बदलत जायचं. पानाचं पहिलंच खरंखुरं गिऱ्हाईक म्हणजे हे सुभेदार. नेमिनाथच्या आतेभावानं जोडून दिलेले.

कस्तुरीनं लगेच शेडमधल्या टेबलावर लॅपटॉप उघडला. पत्र्याचं गेट दाबलं. बरोबर भिंतीत. गजांचं दाबलं. बरोबर. एकेक करून सगळी दाबली. कुठल्याच गेटाला गटाराची ओढ नव्हती.

"आमच्याकडं तर नीट चाललंय, साहेब," ती म्हणाली.

"मग सांगलीचं गेट साताऱ्यात आल्यावरच बिघडतंय म्हणायचं," सुभेदार शांतपणे म्हणाले.

नेमिनाथ बोटं चोळत हसला. "माझी गेटं गेली तीस वर्षं साताऱ्यात जात्यात. एक पण गटारात गेलं न्हाई."

कस्तुरीनं त्याच्याकडं दुर्लक्ष केलं. तिच्या डोक्यात सुभेदारांचं एकच वाक्य फिरत होतं: पुन्हा दाबलं तर बरोबर जागेवर. पहिल्यांदा चूक, दुसऱ्यांदा बरोबर. म्हणजे जे एकदा बघून झालंय ते नीट बसतं. आणि तिच्या लॅपटॉपनं तर ही गेटं शंभरदा बघितलेली. तिनं ब्राउझरची खाजगी खिडकी उघडली, जिला मागचं काही आठवत नाही, आणि पत्र्याचं गेट दाबलं.

गेट सरळ गटारात.

बिघाड सापडल्याचा एवढा आनंद होतो हे बाहेरच्याला सांगून पटायचं नाही. कस्तुरी खुर्चीतून उठली आणि बसली. मग कोडमध्ये ठिकठिकाणी आकडे छापायला लावले. गेटच्या चित्राची उंची किती? उत्तर आलं, शून्य.

तिनं पान लिहिताना हिशोब असा केला होता: जमिनीची रेषा ठाऊक आहे, तिच्यातून गेटची उंची वजा करायची, की गेटचा वरचा कोपरा मिळतो. हिशोब बरोबर. पण ब्राउझर चित्र मागवतो आणि ते पोचायची वाट न बघता पुढं चालू लागतो. चित्र यायच्या आधीच उंची विचारली तर तो बिचारा काय सांगणार? शून्य. शून्य वजा केलं की गेटचा माथा जमिनीला टेकतो आणि अख्खं गेट खाली, गटारात.

"म्हणजे खिडकी बसायच्या आधीच तू ग्रीलचं माप घेतलंस," नेमिनाथ म्हणाला. तो केव्हा येऊन मागं उभा राहिला होता तिला कळलंच नव्हतं.

"अगदी तसंच," ती म्हणाली. "आता चित्र आल्याशिवाय मापच घ्यायचं नाही."

तिनं तसा बदल केला. चित्र दरवेळी नव्यानं मागवायचं, आधी ते पूर्ण येऊ द्यायचं, आल्याची वर्दी मिळाली की मगच उंची मोजून भिंतीत बसवायचं. खाजगी खिडकीत पुन्हा पुन्हा बघितलं. सगळी गेटं ताठ उभी. तिनं साताऱ्याला कळवून टाकलं आणि नवऱ्यासाठी, कधी नव्हे ते, स्वतःहून चहा टाकला.

पुढचा फोन सुभेदारांचा नव्हता. त्यांच्या बायकोचा, रंगूबाईंचा होता, आणि आवाज तक्रारीचा होता.

"वहिनी, एक इचारू? तुमचं हे यंत्र ह्यांच्या बाजूचं हाय का?"

जगदाळ्यांच्या घरात गेटवरून दोन तट पडले होते. सुभेदारांना हवं होतं वरपासून खालपर्यंत पत्र्याचं, बंद गेट, वर भाले. रंगूबाईंना हवं होतं गजांचं, आरपार दिसणारं. मुलगा यशराज फौजेत, सून त्याच्याबरोबर, घरात दोघंच. मुलानं ठेवलेल्या लॅपटॉपसमोर ही दोघं रोज बसायची आणि सुभेदार आपलं दाबायचे, लगेच रंगूबाई आपलं.

"मी गजांचं दाबती, ते येतंय," रंगूबाई सांगू लागल्या. "आन डोळ्याची पापणी लवती न लवती तोवर पुन्हा ह्यांचं पत्र्याचं येऊन बसतंय. मी मागनं दाबलेलं असताना. हे म्हंत्यात, बघ, कंप्युटरला पण अक्कल हाय."

मागून सुभेदारांचं हसणं ऐकू आलं.

कस्तुरीला आधी हसू आलं, मग चूक कळली आणि आणखी हसू आलं. ही तिनंच परवा केलेल्या दुरुस्तीची करामत होती. आता प्रत्येक चित्र आल्यावर स्वतःच जाऊन भिंतीत बसत होतं. पत्र्याच्या गेटचा फोटो नेमिनाथनं मोठ्या कॅमेऱ्यानं काढलेला, फाइल जड, रेंगाळत यायची. गजांचं गेट हलकं, नंतर मागवलं तरी आधी पोचायचं. मग मागनं डुलत डुलत पत्र्याचं यायचं आणि त्याला हुसकून बसायचं.

"काकू, यंत्र कुणाच्या बाजूचं नाही," ती म्हणाली. "साहेबांचं गेट जड आहे, ते उशिरा पोचतं, आणि शेवटी येणारा जागा धरतो. मी सांगते त्याला, आल्यावर आधी विचारायचं, अजून मीच पाहिजे का? नसेल तर गुमान परत जायचं."

"असं इचारायला ह्यांना पण शिकवता येईल का?" रंगूबाई म्हणाल्या.

दोन ओळींचं काम होतं. सर्वांत शेवटी कुठलं डिझाइन मागितलं ते लक्षात ठेवायचं, आणि आलेलं चित्र तेच असेल तरच बसवायचं. कस्तुरीनं ते केलं, जड फोटो बारीकही करून टाकले. साताऱ्यात दोन्ही तटांना सारखा न्याय मिळू लागला. त्यामुळं निकाल मात्र लागेना. शेवटी माप घ्यायला जायचंच होतं तर नेमिनाथ म्हणाला, "तू पण चल. तिथंच बसवून ठरवून टाकू."

दोघं सकाळच्या एसटीनं निघाली. कऱ्हाडला खाली उतरून पाय मोकळे केले आणि ऊन चढायच्या आत साताऱ्यात पोचली. सुभेदारांचं घर गावाबाहेरच्या नव्या वस्तीत होतं. घराला पुरुषभर उंचीची कंपाउंडची भिंत, ओळंब्यात सरळ, प्लास्टरवर एक चीर नाही. निवृत्त झाल्यावर सुभेदारांनी गवंड्याच्या डोक्यावर उभं राहून ती बांधून घेतली होती, रोज स्वतः पाणी मारून. नेमिनाथनं भिंतीवरून हात फिरवला आणि मान डोलावली, तेव्हा सुभेदारांची छाती दोन बोटं फुगली.

माप झालं. मग कस्तुरीनं आपला लॅपटॉप बैठकीतल्या भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीला जोडला, म्हणजे सगळ्यांना एकदम दिसेल. फोटो समोरच्या बंगल्याच्या गच्चीवरून काढलेला होता. पुढची भिंत, उजवीकडं गेटसाठी सोडलेली जागा, आणि डावीकडं मागपर्यंत गेलेली बाजूची भिंत. फोटो पसरून टीव्हीभर झाला. कस्तुरीनं गजांचं गेट दाबलं.

गेट उजवीकडच्या मोकळ्या जागेत गेलंच नाही. ते डावीकडं वर, बाजूच्या भिंतीत जाऊन उभं राहिलं. तेही एवढंसं, एका माणसानं आत-बाहेर करावं एवढं.

नेमिनाथनं खाली बघितलं. कस्तुरीच्या कानशिलात ऊब चढली. कारण तिला क्षणात कळलं. जागा तिनं पिक्सेलमध्ये मोजून ठेवली होती, डावीकडून इतके, वरून इतके. तिच्या आणि सुभेदारांच्या लॅपटॉपचे पडदे सारखेच, म्हणून तिथं जमून गेलं. टीव्हीवर फोटो मोठा झाला, पण आकडे होते तेवढेच राहिले, आणि गेटचा आकारही.

"माफ करा, पडद्याच्या मापाचा घोटाळा आहे," ती म्हणाली. "आत्ता सरकवते."

"थांबा," रंगूबाई म्हणाल्या.

त्या उठून टीव्हीजवळ गेल्या. त्या चिमुकल्या गेटावर त्यांनी बोट ठेवलं.

"ऱ्हाऊ द्या ते तिथंच."

"अगं, ती बाजूची भिंत हाय," सुभेदार म्हणाले. "तिथं कशाला गेट? पलीकडं आपल्या धाकट्याचं घर."

"तेच तर."

धाकटा म्हणजे सुभेदारांचा भाऊ, भाऊसो. पलीकडचा प्लॉट त्याचा. भांडण नाही, तंटा नाही. दोन्ही भावांनी मिळूनच जागा घेतलेली. भिंत नव्हती तेव्हा रंगूबाई आणि भाऊसोची बायको दीपमाला परसातून हाकेवर होत्या. भिंत झाल्यापासून पुढच्या रस्त्यानं वळसा घालून जायचं, वस्तीचा रस्ता चढाचा आणि रंगूबाईंचा गुडघा धरलेला. हळूहळू जाणं कमी झालं. आता बोलणं व्हायचं ते फोनवर, आणि फोनवर भाजी निवडता येत नाही.

"मग येवढे दिवस बोलली का न्हाईस?" सुभेदारांनी विचारलं.

"भिंतीला येवढं पाणी मारत होता तुमी. रोज. तिला भोक पाडा म्हणून कसं सांगू?"

सुभेदार उठून बाहेर गेले. खिडकीतून कस्तुरीला दिसलं, ते बाजूच्या भिंतीपाशी उभे राहून पावलांनी अंतर मोजत होते. एका जागी थांबले, विटेच्या तुकड्यानं भिंतीवर खूण केली, मागं सरून बघितली, आणि हातभर पुढं जाऊन दुसरी केली. मग तिथूनच हाक मारली.

"मगदूम, टेप घेऊन या जरा. आन हिला इचारा, दार आत उघडणारं पायजे का भाएर."

"दोन्हीकडं," रंगूबाईंनी खिडकीतून सांगितलं.

"तशी बिजागरी मिळती," नेमिनाथ म्हणाला आणि टेप घेऊन पळाला.

पुढच्या गेटचाही तिढा त्याच बैठकीत सुटला. नेमिनाथनंच सुचवलं, कमरेएवढा पत्रा आणि वर गज. भाले मात्र रंगूबाईंनी कापून टाकले. "घरात एक फौजी हाय, तेवढा बास."

दिवस मावळायच्या आतच रंगूबाईंनी पाहुण्यांना जेवायला बसवलं. ही दोघं जैन, हे त्यांनी फोनवरच हळूच विचारून ठेवलं होतं. कांदा, लसूण, बटाटा न घालता दोडक्याची भाजी, आमटी, आणि वर साजूक तूप. जेवताना सुभेदारांनी कस्तुरीला विचारलं, "तुमची ती चुकी आता दुरुस्त करणार का?"

"करावीच लागणार," ती म्हणाली. "आकड्यांऐवजी टक्के घालायचे. फोटो केवढाही होऊ दे, गेट त्याच्या हिश्शात तिथंच राहील."

"करा. पण आमचं बसवल्यावर करा."

कस्तुरीनं तेवढं मात्र ऐकलं नाही; सांगलीला आल्याबरोबर टक्के घातले. लॅपटॉप, मोबाइल, शेजाऱ्यांचा टीव्ही, सगळीकडं बघितलं. जगदाळ्यांच्या पानावर तिनं एकाऐवजी दोन गेटांची सोय केली आणि दोन्ही आपापल्या जागी घट्ट बसली.

खरी गेटं टेम्पोत घालून ती दोघं पुन्हा साताऱ्याला गेली तेव्हा भिंतीत दाराची जागा कापून तयार होती. काप इतका सरळ होता की सुभेदार पुन्हा गवंड्याच्या डोक्यावर उभे राहिले असणार हे उघड होतं. नेमिनाथनं आधी छोटं गेटच घेतलं. खालची बिजागरी लागली, वरची लागायची होती, तेवढ्यात पलीकडून दीपमाला हातात पातेलं घेऊन आली आणि नेमिनाथच्या खांद्याखालून वाकून अलीकडं शिरली.

"आवं वहिनी, पडंल ते," नेमिनाथ म्हणाला. "अजून धरलंय म्या हातानं."

"मग धरा की वाईच," दीपमाला म्हणाली. "आले, गेले."

ती काही लगेच गेली नाही. दोघी जावा पायरीवर बसल्या, पातेल्यातली खीर वाट्यांत आली, भाऊसोही मागनं आला. नेमिनाथ गेट पेलून तसाच उभा. सुभेदारांना त्याची दया आली. त्यांनी जाऊन गेटला खांदा दिला तेव्हा कुठं त्याला वरची बिजागरी लावता आली.

परतीच्या वाटेवर टेम्पो रिकामा खडखडत होता. उंब्रजच्या पुढं उसाच्या गाड्यांमागं अडकल्यावर नेमिनाथनं विचारलं, "त्या पानावर जिना घालता येईल का गं? गोल जिना?"

कस्तुरीनं विचार केला. गेट सपाट असतं, भिंतीत चिकटवलं की झालं. जिना वळतो, मागं जातो, त्याचे काही भाग झाकतात, काही दिसतात.

"अवघड आहे," ती म्हणाली. "लय चुका होतील."

"हुंदेत की," नेमिनाथ म्हणाला आणि समोरची उसाची गाडी वळल्यावर त्यानं गिअर टाकला.