टाकी पडली तेव्हाचे आकडे

चित्रं टेपेवर असत त्या काळची ही गोष्ट. तेव्हा चित्राला वजन असे, वासही असे, आणि ते कधी तुटेल याचा भरवसा नसे.

स्टुडिओत तिला सगळे वहिनी म्हणत. नवरा तिथला सर्वांत जुना कॅमेरामन, म्हणून दारवानापासून मालकापर्यंत सगळ्यांची ती वहिनीच. मागच्या खोलीत बसून ती टेपा कॉम्प्युटरवर उतरवून घेई.

त्या सकाळी खोलीत चौकशी अधिकारी बसले होते, आणि त्यांच्या शेजारी कंत्राटदाराचा वकील. नवऱ्याला बाहेर बाकावर बसवलं होतं.

पाण्याची नवी टाकी कोसळून सात मजूर गेले होते. कंत्राटदार म्हणे, त्या दिवशी वर चढायला माझी सक्त मनाई होती. नवऱ्याच्या टेपेवर मात्र मुकादम "चढा रे, काय मुहूर्त बघताय!" म्हणून मजुरांना वर हाकताना दिसत होता, आणि थोड्या वेळाने टाकी खाली येताना. बातमीत ते दोन तुकडे दाखवले होते. मग घाईत टेप मागे घेताना ती चालवायच्या यंत्राने, डेकने, ती चावली, नेमकी त्या दोन तुकड्यांच्या मधे. तिथे चुणी पडली होती. त्यानंतर टेप चालवायची कुणाची छाती झाली नव्हती.

वकिलाने ती चुणीच धरली. मुकादम आदल्या दिवशीचा, म्हणे, टाकी दुसऱ्या दिवशीची, आणि जोड चुणीखाली झाकलेला. तसं ठरलं तर कंत्राटदार सुटणार आणि नवरा खोट्या पुराव्यासाठी आत जाणार.

"साहेब, नवऱ्याची टेप बायको उतरवणार?" वकील म्हणाला. "चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या!"

"असा डेक दुसरीकडे कुठे आहे का?" अधिकाऱ्यांनी विचारलं. "नाही ना? मग बसा गप. आणि बाई, तुम्ही काय करताय ते मला समजेल असं बोलत बोलत करा."

वहिनीने हात पदराला पुसले.

"टेपेवर चित्राबरोबर आकडे असतात, टाइमकोड. ह्यांच्या कॅमेऱ्यात ते घड्याळासारखे चालतात. कॅमेरा बंद केला तरी आत घड्याळ चालूच. पुन्हा सुरू केला की आकडा पुढे उडी मारलेला दिसतो."

"म्हणजे मधे उडी नसेल तर कॅमेरा थांबलाच नाही," अधिकारी म्हणाले.

"हो. पण चित्र एका वायरने येतं नि आकडे दुसरीने. त्या दुसऱ्या वायरनेच कॉम्प्युटर डेक चालवतो. आकडे हवे असतील तर डेक त्याच्या ताब्यात द्यावा लागतो. मग डेकवरची बटणं मरतात. टेप अडकली तर मला हाताने थांबवता येणार नाही."

"आणि अडकली तर?"

"तुटेल."

तिने सुरुवात अगदी टेपेच्या तोंडाशी धरली. मधूनच सुरू केलं असतं तर डेकने सवयीने थोडं मागे जाऊन धाव घेतली असती, आणि तो चुणीवरून दोनतीनदा गेला असता. चुणी एकदाच सोसणार होती.

सगळं नीट आहे ना ते शेवटचं पाहायला तिने कॉम्प्युटरवरचा सेटिंगचा तक्ता उघडला आणि एका ओळीवर तिची नजर अडली. "आकडे तुटल्यास स्वतः मोजत जा" ह्या ओळीपुढे बरोबरची खूण होती. लग्नाच्या टेपांसाठी तिनेच केलेली. ती तशीच राहिली तर टेपेवर काहीही असो, कॉम्प्युटर आपल्या मनाने आकडे मोजत जाणार होता, एकही उडी न दाखवता. नवरा वाचणार होता, तो खरा असला तरी आणि नसला तरी.

शेजारच्या दोघांना त्यातलं काही कळत नव्हतं. वकील तर चष्मा पुसत होता.

नवऱ्याने शपथेवर सांगितलं होतं की मुकादमापासून टाकी पडेपर्यंत कॅमेरा थांबवला नाही. पण ती त्याला ओळखून होती. टेप वाचवणारा माणूस! लेक पहिलं पाऊल टाकायला उभी राहिली, तेव्हाही ह्याने कॅमेरा बंद केला होता. "पडेल ती आत्ता. टेप काय झाडाला लागते?" पोर चालली, आणि घरात त्याचं चित्र नाही. अशा माणसाने काहीच घडत नसलेल्या बांधकामावर टेप चालू ठेवली असेल?

राहू दे, मन म्हणालं. कुणाच्या बापाला कळतंय! मग तिला त्या सात जणांच्या बायका आठवल्या, बाहेर आवारात भिंतीला टेकून बसलेल्या. तिने खूण काढली. आता उडी आली की डेक तिथेच थांबणार होता, आणि खूण काढल्या क्षणी तिला वाटलं की नवऱ्याला आपल्या हाताने ढकललं.

डेकने टेप आत ओढली. आकडे पळू लागले. मुकादम आला, ओरडला. मजूर शिडीने चढून आत दिसेनासे झाले. मग रिकामी टाकी, आभाळ, एक कुत्रा. वहिनी चित्र बघतच नव्हती. तिचे डोळे आकड्यांवर, कान डेककडे.

करकर आली. चित्र फाटलं, पांढऱ्या रेघा झाल्या, आकड्यांच्या जागी नुसत्या आडव्या रेषा. तिचं बोट सवयीने डेकच्या मेलेल्या बटणावर दाबलं गेलं. डेक आपला चालतच राहिला.

आकडे परत आले. तोच तास, तेच मिनिट, दोनच सेकंद पुढे. कुत्रा अजून तिथेच होता, अंग खाजवत. पाठोपाठ टाकी पडली.

"उडी नाही," अधिकारी म्हणाले.

वहिनीने श्वास सोडला, आणि तेवढ्यात खाट् करून डेक आपोआप थांबला. पडद्यावर लाल पाटी आली.

"तुटला!" वकील उठलाच. "साहेब, आकडा तुटला! चार मिनिटांची उडी!"

"टाकी पडायच्या आधी की नंतर?"

"नंतर. पण तुटला ना!"

"हे तुमचं वरातीमागून घोडं झालं. मला आधीचं हवं होतं, ते मिळालं." त्यांनी वहिनीकडे पाहिलं. "यजमानांना सांगा, घरी जा म्हणावं."

ती बाहेर आली. नवरा बाकावरून उठला. चेहरा भिंतीसारखा पांढरा.

"तुटला?"

"चुणीपाशी नाही. सुटलात तुम्ही."

तो पुन्हा बाकावर बसला. ती शेजारी बसली. विचारायचं नव्हतं, पण तोंडून गेलंच. "टाकी पडल्यावर बंद का केला हो?"

तो चपलांकडे बघत बोलू लागला.

"धूळ अंगावर आली गं. वाटलं, आता माझ्यावरच. बंद केला नि पळालो. मागून एक जण हाका मारत होता. पण लगेच फिरलो मी. लगेच. एक दम घेतला नि फिरलो." त्याने मान वर केली. "किती आहे तिथे?"

थोडंसं, असं म्हणता आलं असतं. तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

"चार मिनिटं."

"चार?" तो म्हणाला. मग फार हळू, जणू तिला नव्हे, "चारही मिनिटं हाका मारत होता का गं तो?"

वहिनीने त्याचा हात धरला. तो बर्फासारखा गार होता. त्या चार मिनिटांत टेप चाललीच नव्हती.