वर्तुळाची दोन टोकं

भूमितीतलं वर्तुळ ही रेषा मानायची की नाही, या प्रश्नापायी एकदा आमच्या घरी घासलेट आलं नाही. सांगायची गोष्ट एवढीच आहे. माझ्या हातून ती नीट सांगून होईल की नाही, ते मात्र माहीत नाही.

सदुसष्टच्या आसपासचं साल असावं. मी धाड गावातल्या एका शाळेत गणित शिकवायचो. माझे मेहुणे इंद्रभानराव मलकापूरला रेल्वेत कारकून होते. त्यांनी दिवाळीत बहिणीला पितळी स्टोव्ह दिला होता, आणि त्या रविवारी संध्याकाळच्या एस.टी.नं ते स्वतः यायचे होते.

"दादासमोर स्टोव्ह पेटला पाहिजे," सत्यभामेनं, म्हणजे माझ्या पत्नीनं, बजावलं. "चुलीवर चहा केला तं त्याले वाटेल, आपली वस्तू यायले आवडली नाही."

आणि घरात घासलेटचा थेंब नव्हता.

उजाडताच मी हिंमतरावांच्या घासलेटच्या दुकानासमोर डबा मांडला. पहिला मीच. माझ्यामागे मंजुळाबाई, मग बाकीचे, आणि सगळ्यात शेवटी गोजरबाई. डबे रांगेत ठेवायचे आणि आपण जवळपास बसायचं, अशी आमच्याकडे रीत होती. मी समोरच्या निंबाखाली दोन पुस्तकं उघडून बसलो. जुन्या पुस्तकात लिहिलं होतं की वर्तुळ म्हणजे एकाच रेषेनं वेढलेली आकृती. त्या वर्षी आलेलं नवं पुस्तक म्हणत होतं की रेषा सरळच असते, दोन्हीकडे अमर्याद असते, आणि वर्तुळ ही रेषा नव्हे. सोमवारी वर्गात काय सांगावं, हे मला ठरवता येईना.

मी ठरवत होतो तोवर ऊन चढलं. सावली आखडत झाडाखाली गेली, तसे लोकही आपापले डबे घेऊन झाडाकडे सरकले. क्रम कुणीच मोडला नाही. माझा डबासुद्धा कुणीतरी भलेपणानं सरकवला. मी मान वर केली तेव्हा बुंध्याभोवती डब्यांचं रिंगण पुरं झालं होतं, आणि गोजरबाईंचा शेवटचा डबा माझ्या पहिल्या डब्याला खेटला होता.

हिंमतरावांनी दुकान उघडलं. दारावर त्यांनीच रंगवलेली पाटी होती : रांगेशिवाय घासलेट मिळणार नाही.

"हे काय रांग हाये का?" ते ओरडले. "हा तं गोल हाये!"

"गोल असो नाही तं चौकोन, तुमाले काय कराचं हाये?" मंजुळाबाई म्हणाल्या. "घासलेट द्या ना."

"पाटी पाह्य ना बाई. रांग म्हंजे रेघ. गोलाले रेघ म्हणते का कोनी? मास्तर, तुमीच सांगा. तुमी भूमिती शिकवता."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी नवं पुस्तक चाळलं. "याच्याप्रमाणे... नाही म्हणत."

"झालं!" हिंमतरावांनी दाराला हात घातला.

"काऊन जी मास्तर, तुमच्या पुस्तकापायी आमी अंधारात बसावं काय?" गोजरबाई कडाडल्या.

"थांबा, थांबा," मी घाईनं दुसरं पुस्तक उचललं. "जुन्याप्रमाणे म्हणतात. एकच रेषा."

"हाव! जुनंच खरं असते," गोजरबाई म्हणाल्या.

"बरं, रेघ तं रेघ," हिंमतराव म्हणाले. "मंग पयलं कोन?"

"मी!" असं अख्खं रिंगण म्हणालं.

माझ्याही ओठांवर तेच आलं होतं. पण न्याय मास्तरानं द्यायचा आणि सुरुवात त्याच्याच डब्यापासून व्हायची, हे बरं दिसलं नसतं. म्हणून मी भूमितीच्या आडून बोललो.

"वर्तुळ एका जागी तोडलं की त्याची साधी रेघ होते. माझ्या आणि गोजरबाईंच्या डब्यामध्ये तोडा."

पुढचं कुणालाही कळेल, असं मला वाटलं. हिंमतरावांनी दोन डब्यांत पाय घालून फट पाडली आणि गोजरबाईंचा डबा उचलला. "चला, इथून."

एका छेदानं दोन टोकं तयार होतात. हे मी मुलांना दर वर्षी शिकवतो.

"अहो, मी मास्तरच्या मांगं होती! दुसरी!" मंजुळाबाईंनी आकांत केला. "मास्तर, बोला ना जी!"

"तसं पाहिलं तर," मी म्हणालो, "दुसऱ्या टोकाकडून..."

"मंजुळाबाई, पाह्य," हिंमतरावांनी मला मध्येच तोडलं. "मास्तर सोता शेवटी गेला. याच्यात त्याचा काई फायदा दिसते का तुले? असा न्याय कोर्टात भेटत नाही."

लोक माझ्याकडे आदरानं पाहू लागले. त्या आदरातून बाहेर कसं पडावं, हे मला सुचेना. मंजुळाबाईंना अर्धा डबा मिळाला. "पोरगं तुमच्या वर्गातून काढून घेतो म्हणा आता," असं म्हणून त्या गेल्या. माझा डबा पुढे सरकला तेव्हा हिंमतरावांनी पिंप आडवं केलं आणि वर टिचकी मारून दाखवली.

घरी मी सगळं सांगितलं.

"म्हंजे 'मी पहिला' एवढंच म्हणायचं होतं ना?" सत्यभामेनं विचारलं. "तीन शब्दही निघाले नाही तोंडातून?"

"दोन," मी म्हणालो.

ती चूल पेटवायला गेली.

संध्याकाळी इंद्रभानराव आले. चहाला धुराचा वास आला तसं त्यांनी कप खाली ठेवला. "स्टोव्ह कुठं आहे, सत्यभामे?"

"बिघडला, दादा," ती भिंतीकडे पाहत म्हणाली.

मला हायसं वाटलं. पण इंद्रभानराव उठले. "बिघडला? मी पारखून घेतलेला?" त्यांनी कोट काढला, वर्तमानपत्र पसरलं आणि स्टोव्ह समोर घेतला. पंप वेगळा केला, बर्नर वेगळा केला, प्रत्येक तुकडा उजेडात धरून फुंकला. इतकं खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"काही बिघडलं नाही," शेवटी ते मला म्हणाले. "नुसती काजळी धरली आहे. गोपाळराव, वाटीभर घासलेट आणा बरं, धुऊन घेतो."

"संपलं," मी म्हणालो. हेही तितकंसं बरोबर नव्हतं. संपायला सकाळी काही मिळालेलं असावं लागतं. तेवढ्यात आत गेलेल्या सत्यभामेला हसू फुटलं, आणि हातात पंप धरून इंद्रभानराव एकदा माझ्याकडे आणि एकदा आत पाहू लागले.