तिसऱ्या वेच्याची पाटी

मित्रांनो, पाटी आहे मी. दगडाची, जुनी, एका कोपऱ्याचा टवका उडालेली. त्याबद्दल कोणी हळहळायचं काम नाही. माझ्या अंगावर जे गणित होऊन गेलं, ते त्या काळी अमरावती-अकोल्याच्या मुलखातल्या दुसऱ्या कुठल्या पाटीवर झालं नसेल. एवढा तोरा मला आहे आणि तो मी लपवत नाही.

माझा जन्म डोंगरात झाला. पाथरवटांनी दगडाचे पातळ पापुद्रे काढले, घासून काळे तुळतुळीत केले, सुतारानं लाकडी चौकट बसवली आणि निरनिराळ्या गाड्यांत हादरे खात मी अमरावतीच्या बाजारात येऊन पडले. ते दिवस कापसाचे होते. दूर अमेरिकेत लढाई जुंपली होती, तिकडचा कापूस अडकला होता आणि वऱ्हाडातल्या बोंडाला कधी नव्हे तो मान आला होता. रस्त्यानं कापसाच्या गाड्यांची रांग लागायची. अशा गर्दीत पाटीकडे कोण बघतो? गोदाबाईंनी बघितलं.

गोदाबाई अमरावतीपासून दोन कोसांवरच्या एका गावच्या. नवरा गेलेला, काळ्या जमिनीची मोठी शेती आणि दोन मुलगे. थोरला जानराव शेती सांभाळायचा, धाकटा शेषराव शाळेत पहिला यायचा. गोदाबाईंना एक अक्षर येत नव्हतं, पण माणूस आणि माल आपल्याला बघताक्षणी कळतो असा त्यांचा ठाम समज होता. त्यांनी मला तीनदा उलटीपालटी केलं आणि नखानं वाजवून पाहिलं.

"फुटली तं तुह्याच टकुऱ्यावर आणून ठेवीन," त्या दुकानदाराला म्हणाल्या.

अशी मी शेषरावाची झाले. शाळा संपली तेव्हा मास्तरांनी त्याला मुंबईच्या कॉलेजात धाडायला सांगितलं. गोदाबाईंनी बरोबर दशम्या दिल्या, पेन्सिलींचा पुडा दिला आणि मला त्याच्या धोतरात गुंडाळून पेटीत ठेवलं. गाडीच्या चाकांनी धूळ उडवली तोवर त्या दारात उभ्या होत्या. रडल्या नाहीत. त्यांना ते जमत नसे.

मुंबईत शेषरावाला एक अंधारी खोली मिळाली. तिथली मुलं त्याच्या 'मले-तुले'ला हसायची, म्हणून त्यानं बोलणंच कमी केलं. महिना महिना त्याला बोलायला मीच होते, आणि मला तो.

पहिल्या वर्षी त्याला कॅल्क्युलस नावाचं गणित लागलं. बदलत्या गोष्टीचा वेग काढायचा. उतारावरून सुटलेली बैलगाडी अमक्या क्षणी किती जोरात चालली आहे, असं काहीतरी. अवघड होतं, पण वाट आखलेली होती. नियम लावा, पुढची ओळ लिहा. दिवसातून आठदहा वेळा मी काठोकाठ भरायचे, ओल्या फडक्यानं पुसून घ्यायचे, की पुन्हा भरायचे. फार सुखात होते मी. त्या वर्षी पेन्सिली पुरल्या नाहीत, त्यानं घरून दोनदा मागवल्या.

दुसऱ्या वर्षी तीच चाल उलटी झाली. केसाएवढे बारीक तुकडे जोडत जोडत अख्खी गोष्ट उभी करायची. इथे नियम थोडे आणि हिकमत जास्त. तो अर्धी पाटी लिहायचा, थांबायचा, पुसायचा आणि दुसरीकडून सुरुवात करायचा. दिवसात तीनदा भरले तर पुष्कळ झालं.

वर्ष संपता संपता गुरुजींनी तिसऱ्या वर्षाच्या गणिताची तोंडओळख करून दिली. यात वस्तू दाखवायचीच नाही. ती कशी बदलते तेवढं सांगायचं, आणि त्यावरून ती वस्तू कोणती ते शोधायचं. शेषराव वरती एक ओळ लिहायचा आणि बसून राहायचा. सकाळची दुपार व्हायची, दुपारची संध्याकाळ. मी कोरी.

मला संताप आला. मनात म्हटलं, याचं चित्त उडालं, आता मी नकोशी झाले. एवढ्या मोठ्या शहरात ज्याला दुसरं कोणी नाही, त्यानंच पाठ फिरवली तर पाटीनं कोणाकडे बघायचं?

परीक्षा देऊन तो पौषात घरी आला. गोदाबाईंनी आधी त्याचं तोंड बघितलं, मग पेटी उघडली. मला बाहेर काढलं, आणि पेन्सिलींचा अर्धा भरलेला पुडाही.

"पह्यल्या वर्षी दोनदा धाडा लागल्या. औंदा अर्ध्या तशाच घेऊन आला. काय करत होता तिथं? सुपारी कातरत होता?"

"माय, दुसरं गणित पह्यल्यापेक्षा कठीण होतं."

"कठीण असतं तं जास्त लिहा लागलं असतं. मले शिकवतं?"

"अन् तिसरं याच्याहून कठीण हाय," शेषराव हळूच म्हणाला.

जानरावानं मला हातात घेऊन सगळ्यांना दाखवलं. "हे पाहा तिसरं. एक ओळ हाय. माय, हा तिथं काईच करून नाई राह्यला. ठेव याले घरी. अकोल्याले गाड्या घेऊन जाले घरचा माणूस पाह्यजे. सारं वऱ्हाड कापसाच्या मागं धावून राह्यलं अन् हा दगडाकडे पाहून राह्यला."

गोदाबाईंनी पुडा बांधून फडताळात टाकला. "ठरलं मंग. आता मुंबई नाई."

शेषरावानं समजावायचा प्रयत्न केला, पण ज्या गोष्टीचं नाव घरात कोणी ऐकलेलं नाही, तिचं अवघडपण सांगायचं कसं? दोन दिवस त्यानं ताटातलं अर्धं ताटात ठेवलं. मी भिंतीशी पडून होते, आणि खोटं कशाला सांगू, मला गोदाबाईंचंच पटलं होतं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी अंगणात वेचणाऱ्या बायांचे वाटे घालायचे होते. मित्रांनो, तेव्हा आमच्याकडे कापूस वेचणाऱ्या बाईला तिची मजुरी कापसातच मिळायची. पहिल्या वेच्याला गोदाबाई विसावा वाटा, म्हणजे वीस भागांतला एक, द्यायच्या. दुसऱ्याला दहावा. आणि हा तिसरा, शेवटचा वेचा होता. त्यात झाडावर राहिलेलं, किडकं, पानात अडकलेलं तेवढंच निघतं.

त्या बायांतल्या मनकर्णाबाईनं आपलं गाठोडं सोडलं. ओंजळभर म्हणावं इतकाच कापूस. गोदाबाईंनी त्याचे चार वाटे केले आणि एक तिच्या पदरात टाकला.

"एवढुशा कापसाले चवथा वाटा?" जानराव म्हणाला. "पह्यल्या वेच्यात हिचं गाठोडं दोघाईले उचलत नव्हतं, तवा इसावा देल्ता."

"गाठोडं काय पाह्यतं रे? तवा हात घातला तिथं कापूस होता. आता एका बोंडासाठी दहा झाडं धुंडा लागते. कंबर तिची मोडते, तुही नाई."

"सांगा वो बाई त्याईले," मनकर्णाबाई हसली. "गाठोडं पाह्यलं तं वाटते, मनकर्णा दिवसभर वावराच्या धुऱ्यावर झोपून होती."

सगळ्या बाया हसल्या. गोदाबाई हसल्या नाहीत. दुसरीचं गाठोडं सोडता सोडता त्यांचा हात थांबला. त्यांनी ओसरीवर बसलेल्या शेषरावाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"शेषा, तुह्या त्या तिसऱ्या गणितात एका ओळीसाठी किती झाडं वाका लागते?"

तो दचकला. मग म्हणाला, "कधी दोन दिवस जाते माय. कधी सापडतच नाई."

"अन् नाई सापडलं तं?"

"मंग दुसऱ्या दिवशी पुन्हा पह्यल्या झाडापासून."

"मंग असं नीट सांगता येत नव्हतं? एवढा शिकला अन् तोंडात गूळ धरून बसला." त्या जानरावाकडे वळल्या. "सोमवारी गाडी जुंपजो याच्यासाठी. अन् तोंड नको वाकडं करू. अकोल्याले मी जाईन गाड्या घेऊन."

आणि गेल्याही. पन्नाशीची बाई कापसाच्या गाडीवर बसून अकोल्याच्या बाजारात उतरली, हे लोक पुढे कितीतरी वर्षं सांगायचे.

इथे माझीही मान खाली गेली. त्यानं मला टाकलं नव्हतं. माझ्यासमोर बसून तो झाड झाड धुंडत होता, आणि मी रुसून बसले होते.

पण सोमवारी त्यानं मला पेटीत घेतलं नाही. "माय, तिसऱ्याले कागद लागते," तो म्हणाला. "चुकलेली वाट पुसून चालत नाई, डोळ्यापुढं ठेवा लागते." बरोबरच होतं त्याचं. पुसणं हाच तर माझा गुण, आणि आता तोच नडला. मी फडताळात गेले. उरलेल्या पेन्सिलींशेजारी.

घर मोठं होतं आणि बोलणारं कोणी नव्हतं. जानराव शेतात जायचा. गोदाबाई दिवसभर माणसांवर तोंड टाकायच्या, आणि माणसं घरी गेली की एकट्या चुलीपुढे बसायच्या.

पुढच्या वर्षी अमेरिकेतली लढाई संपली आणि कापसाचा भाव कोसळला. त्याच पौषात मुंबईहून पत्र आलं. जानरावानं वाचलं. शेषराव तिसऱ्या गणितात नापास झाला होता. वाचून जानराव आईकडे बघत उभा राहिला. मागच्या खेपेचं सगळं बोलणं त्याच्या ओठांवर होतं.

"लिह्य," गोदाबाई म्हणाल्या.

"काय लिहू?"

"लिह्य, आणखी एक वरीस तिथंच राह्य. मनकर्णा रिकामा पदर घेऊन आली तरी दुसऱ्या दिवशी धाडतोच आपण तिले वावरात."

"अन् घरचं काय लिहू, तू कशी हायेस म्हणून?"

त्या चुलीकडे वळल्या. "लिह्य, बरी हाय."

दुसऱ्या खेपेला तो पास झाला. मग लांबच्या एका कॉलेजात तेच गणित शिकवायला लागला. वर्षाकाठी एकदा यायचा, चार दिवस राहायचा. जा म्हणणाऱ्या गोदाबाईच, म्हणून ये म्हणायला त्यांची जीभ कधी वळली नाही. कधीकधी त्या मला फडताळातून काढायच्या, काही लिहिलेलं नसतानाही पदरानं पुसायच्या आणि पुन्हा ठेवून द्यायच्या.

आता मी म्हातारी झाले, म्हणून बोलते. मित्रांनो, कोऱ्या पाटीपुढे कोणी बसलेलं दिसलं, तर त्याला लगेच आळशी म्हणू नका. मी म्हटलं होतं, आणि मला अजून लाज वाटते. पाटी असो की माणूस, भरलेलं असतानाच जपायचं असं नसतं. आणि ज्या माणसानं आपलं घर रिकामं करून तुम्हाला जा म्हटलं, त्याच्या बोलावण्याची वाट बघू नका. ते बोलावणं येत नसतं. न बोलावता जात जा.