गंगुबाईंचे पाहुणे

१८८७ साली ठाण्यात घरधंदा संरक्षक मंडळी स्थापन झाली. इंग्रज कंपन्या जहाजांचा आणि गिरण्यांचा विमा उतरवतात, हे ती काढणाऱ्या भाऊ वकिलांनी कुठेतरी वाचले होते. घरात बसून लोणची, मेणबत्त्या, शिवण असा धंदा करणाऱ्यांकडून दरमहा चार आणे घ्यायचे, आणि त्या धंद्यापायी एखाद्या परक्या माणसाला इजा झाली तर भरपाई मंडळीने द्यायची, अशी योजना होती. उद्देश चांगला होता. भाऊंचे उद्देश चांगलेच असत, सभेत वाचून दाखवण्यापुरते.

पहिल्याच महिन्यात गंगुबाई सभासद झाल्या. नौपाड्याच्या वाटेवरच्या त्यांच्या घरी कचेरीतले अकरा कारकून दोन वेळा जेवत. त्याला खानावळ मात्र कोणी म्हणत नसे. ब्राह्मणाच्या विधवेने अन्न विकणे हे पाप, आणि ते विकत घेऊन खाणे त्याहून फार निराळे नव्हे. म्हणून जेवणारे सगळे पाहुणे. पहिल्या तारखेला पाहुणा देवघरात जाई, सुपारीबरोबर सहा रुपये देवापुढे ठेवी. तेवढा वेळ गंगुबाई चुलीकडे तोंड करून बसत. देवाने ते रुपये कधी ठेवून घेतले नाहीत. हे सारे ठाऊक असूनच भाऊंनी चार आणे घेतले आणि पावतीवर धंद्याची ओळ कोरी सोडली.

पुढच्या वर्षी भाद्रपदात कढीचे पितळी पातेले कल्हईला आले होते. आतून पिवळे दिसू लागले होते. पितृपंधरवड्याच्या गडबडीत गंगुबाईंनी ते काम पुढे ढकलले. ही चूक त्यांचीच. आंबट कढी त्या पातेल्यात दुपारपर्यंत राहिली आणि कळकली. सगळ्यांनाच मळमळले. गुरुदत्त नावाच्या कारकुनाने चार वाट्या घेतल्या होत्या. तो अकरा दिवस अंथरुणाला खिळला.

गुरुदत्त कल्याणच्या एका कर्मठ वैदिकाचा मुलगा. ठाण्यात आपण मावशीकडे जेवतो, असे त्याने घरी सांगितले होते. मार्गशीर्षात त्याचे लग्न होते आणि सासरे बापाहून कर्मठ होते. बरा होताच त्याने निरोप पाठवला: औषधाचे आणि बुडालेल्या पगाराचे मिळून ऐंशी रुपये द्या, नाहीतर दावा लावतो. गंगुबाईंकडे विकण्याजोगी वस्तू म्हणजे भांडी. भांडी गेली की चूल गेली.

गंगुबाई मंडळीकडे गेल्या. रविवारी भाऊंच्या ओटीवर सभा भरली. गंगुबाई दाराआड उभ्या राहिल्या. भाऊंनी नियम वाचले, परका या शब्दावर अर्धा तास बोलले आणि मग मुद्द्यावर आले.

"परका म्हणजे गिऱ्हाईक. गंगुबाईंकडे गिऱ्हाईक आहे कुठे? पाहुणे आहेत. पाहुण्याला जेवण बाधलं, त्यात मंडळीचा काय संबंध?"

सभासदांनी माना डोलावल्या. त्यातले तिघे गंगुबाईंच्या देवापुढे सुपारी ठेवणारे होते. चर्चसाठी घरी मेणबत्त्या करणारा लिओनार्ड तेवढा बोलला.

"म्हणजे उद्या माझ्या मेणबत्तीनं कोणाचा अंगरखा पेटला, तर तो भाविक होता म्हणाल, भाऊ."

भाऊंनी पुढचा विषय घेतला, तो मंडळीच्या शिक्क्यावर कमळ असावे की दिवा हा होता. तेव्हा दाराआडून गंगुबाई म्हणाल्या, "भाऊ, आत्ता बोललात तेवढं लिहून द्या."

लिहून देणे भाऊंना नेहमीच आवडे. त्यांनी सुबक अक्षरात लिहिले की सदर बाईंच्या घरी कोणताही धंदा चालत नसून तेथे जेवणारे सर्व पाहुणे आहेत, याची मंडळीने चौकशीअंती खात्री करून घेतली आहे. खाली सही केली. शिक्का अजून ठरला नव्हता.

सोमवारी संध्याकाळी गुरुदत्त उत्तर मागायला आला. गंगुबाईंनी तो कागद त्याच्यापुढे ठेवला.

"हे खोटं असेल तर दाव्यात तसं लिही. सहा रुपये देऊन विकतचं जेवत होतो, म्हणून लिही. दाव्यात बापाचं नावही घालावं लागतं ना?"

त्याने कागद दोनदा वाचला.

"मी पाहुणाच होतो," तो म्हणाला.

"मग पाहुणा कधी यजमानिणीवर दावा लावतो का, बाबा?"

तो गेला. दावा लागला नाही. त्याचे अकरा दिवस खरे होते. ते कोणीच भरून दिले नाहीत. पंधरा दिवसांनी तो पुन्हा जेवायला येऊ लागला, कारण ठाण्यात दुसरी मावशी नव्हती. कढी मात्र घेईनासा झाला.

गंगुबाईंनी त्या सोमवारच्या दुसऱ्याच दिवशी घरातल्या सगळ्या भांड्यांना कल्हई करून घेतली आणि मंडळीचे चार आणे बंद केले. वसुलीला आलेल्या माणसाला त्यांनी तोच कागद दाखवला.

वर्षअखेरीस मंडळीचा अहवाल छापून निघाला. मुखपृष्ठावर कमळ होते. भाऊंनी त्यात लिहिले होते की सबंध वर्षात भरपाई देण्याचा एकही प्रसंग उद्भवला नाही, यावरून ठाण्यातील घरधंदे किती सुरक्षित हाती आहेत हे दिसून येते.